लाइट आली, सर्व्हर आला, शेअर मात्र अडकलेलेच: नोंदी

१४ जुलै, सोमवार सकाळ

आल्या आल्या तीन जण टेबलापाशी उभे, शेअर (सर्व्हरवरची सामायिक फोल्डरं) उघडत नाहीत म्हणून. शनिवारी लाइट गेली होती, यूपीएसने वीसेक मिनिटं तग धरला आणि मग फाइल सर्व्हर आणि स्विच (सगळ्या मशीनच्या केबल जोडणारा डबा) दोन्ही बसले, लाइट आल्यावर आपापले उठलेही. बिल्ड मशीन आणि बॅकअप मशीन दुसऱ्या यूपीएसवर आहेत, ती बंद पडलीच नाहीत. म्हणजे सर्व्हर गायब झाला तेव्हा या दोन मशीन जिवंत होत्या, शेअर माउंट केलेले, म्हणजे आपल्या फोल्डरांच्या झाडात जोडलेले, होते, आणि त्यावर लिहिणं चालू होतं. नंतर वाचणाऱ्यासाठी मांडणी लिहून ठेवतो: एक फाइल सर्व्हर, तीन लिनक्स मशीन (बिल्ड, बॅकअप, डिझाइन) एनएफएस (नेटवर्कवरून फाइल वाटायची पद्धत) व्हर्जन ४ वर, आणि चार विंडोज मशीन साम्बावरून (विंडोजच्या पद्धतीने फाइल देणारा प्रोग्राम). सगळं एकाच स्विचवर.

बिल्ड मशीनवर लॉगिन केलं, डीएफ (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) मारलं, आणि टर्मिनल तिथेच गोठलं. कंट्रोल सी दाबून पाहिलं, काही नाही. दुसरं टर्मिनल उघडलं, सवयीने माउंटच्या फोल्डरचं अर्धं नाव टाइप करून टॅब दाबला, तेही गेलं. टॅब दाबला की शेल (कमांड घेणारा प्रोग्राम) ते फोल्डर वाचायला जातं हे दरवेळी विसरतो आणि दरवेळी एक टर्मिनल घालवतो.

तिसऱ्यात शहाणपणाने वागलो. डीएफला एल फ्लॅग लावला की तो फक्त लोकल डिस्क बघतो, अडकत नाही. माउंटची यादी प्रॉकमधल्या माउंट्स फाइलमधून वाचली, ती कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मेमरीतली यादी आहे, सर्व्हरला विचारायला जात नाही. लोड (कामाच्या रांगेतल्या प्रोसेसचा आकडा) शेकड्यांत, मशीन चार कोरचं, आणि सीपीयू ९८ टक्के रिकामा! पहिल्यांदा बघणारा घाबरतो, पण लिनक्स लोड मोजताना डी स्टेटमधल्या प्रोसेस पण धरतो, म्हणजे आयओची (डिस्क किंवा नेटवर्ककडून उत्तराची) वाट बघत बसलेल्या. पीएसमध्ये (प्रोसेसची यादी) स्टेटचा कॉलम काढून बघितला तर डीची रांगच लागलेली, त्यातल्या बऱ्याचशा मॉनिटरिंगच्या डीएफ. दर पाच मिनिटांनी एक डीएफ सुटतो, अडकतो, पुढचा येतो, शनिवारपासून.

लॉगमध्ये अपेक्षित ओळ होतीच, सर्व्हर प्रतिसाद देत नाही, अजून प्रयत्न चालू. आपले माउंट हार्ड आहेत, आणि एनएफएसमध्ये तोच डिफॉल्ट आहे, क्लायंट अनंत काळ विचारत राहतो, हार मानत नाही. माउंटच्या पर्यायांत टाइमओ (उत्तराची किती वाट बघायची) ६०० लिहिलेलं असतं ते लोक ६०० सेकंद समजतात, पण ते सेकंदाचे दहावे भाग आहेत, म्हणजे ६० सेकंद. टीसीपीवर (पोच घेऊन डेटा पोचवायची नेटवर्कची पद्धत) ६० सेकंद आणि दोन रिट्राय धरून साधारण तीन मिनिटांनी ती ओळ लॉगमध्ये पडते, आणि मग परत पहिल्यापासून.

१४ जुलै, संध्याकाळ

दिवस मारामारीतच गेला. अडकलेल्या प्रोसेसना किल नाइन (सक्तीने मारणारा सिग्नल) मारलं, बऱ्याच मेल्या. (फार जुन्या कर्नलवर याही मरत नसत, २.६.२५ पासून एनएफएसवर थांबलेली प्रोसेस किल नाइनला तरी ऐकते, बाकी कुठल्या सिग्नलला नाही.) काही तरीही राहिल्या, त्या अर्धवट लिहिलेला डेटा ढकलायचा प्रयत्न करत होत्या. एलएसओएफ चालवून कोण काय उघडून बसलंय बघायला गेलो तर एलएसओएफ स्वतःच अडकला, त्याला बी फ्लॅग लावायचा असतो ब्लॉक होऊ नये म्हणून, लावला नव्हता. यूमाउंट (माउंट उतरवणारी कमांड) नुसता मारला, बिझी. एफ फ्लॅग लावून मारला, थांबून राहिला. शेवटी एल, म्हणजे लेझी, लगेच प्रॉम्प्ट परत. हुश्श.

बॅकअप मशीनवरही हेच केलं. डिझाइन मशीनवर काही करावं लागलं नाही, तिथला शेअर आपोआप परत आला होता, एलएस (फोल्डरची यादी दाखवणारी कमांड) छान चालत होतं. म्हटलं एक तरी सुटलं.

इथे एक खटकलं होतं आणि मी ते दामटून पुढे गेलो, म्हणून लिहून ठेवतो. हार्ड माउंटचा सगळा मुद्दाच हा की सर्व्हर परत आला की क्लायंट जिथे थांबला तिथून पुढे चालू होतो. सर्व्हर शनिवारी रात्रीच परत आला होता. पिंग (आहेस का, अशी हाक) जातोय, एनएफएसचं २०४९ पोर्ट उघडं आहे. मग दीड दिवस हे अडकून का बसलेत?

१५ जुलै, मंगळवार

बिल्ड मशीनवर परत माउंट केलं. झालं. एलएस चालला. बिल्ड सुरू केला, दहा सेकंदात परत डी स्टेट. छोटी फोल्डरं उघडतात, ज्यात हजारो फाइली आहेत ते फोल्डर उघडायला गेलं की गेलं.

पहिला संशय लेझी यूमाउंटवर. लेझी म्हणजे माउंट नाहीसा होत नाही, फक्त त्याचं नाव झाडावरून काढलं जातं, ज्यांनी फाइल उघडून ठेवलीये त्यांच्यासाठी तो आत जिवंतच राहतो, फक्त आता आपल्याला यादीत दिसत नाही. आणि त्याच सर्व्हरवर नव्याने माउंट केलं की लिनक्स नवं कनेक्शन सहसा उघडत नाही, आहे तेच वापरतो. म्हणजे मी भूत घराबाहेर काढलंच नव्हतं, नुसती दारावरची पाटी काढली होती. ठीक, मशीन रीबूट करू. रीबूट बंद होतानाच अडकला, सिस्टमडीचा (सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामचा) स्टॉप जॉब दीड मिनिट मोजत बसला, संपला, परत दुसरा. शेवटी सिस्टम रिक्वेस्टच्या ट्रिगर फाइलमध्ये बी अक्षर लिहून जबरदस्ती रीबूट केला. हे करण्याआधी लोकल डिस्कवर काही लिहायचं राहिलेलं नाही ना बघून घ्या, कारण हा काहीच सिंक करत नाही, सरळ खटका बंद.

रीबूटनंतर स्वच्छ मशीन, ताजा माउंट, आणि पहिल्याच मोठ्या कॉपीला परत तेच. म्हणजे भूत नव्हतं.

दुसरा संशय सर्व्हरवर. एनएफएसचे थ्रेड (एकाच वेळी विनंत्या हाताळणारे हात) कमी पडतायत का? आठ आहेत, सगळे मोकळे. डिस्क? ठणठणीत. तरी सर्व्हिस रीस्टार्ट केली, आणि इथे मी स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली. रीस्टार्ट केल्यावर कुठल्याच लिनक्स मशीनवर एकही फाइल उघडेना. मिनिटभर थांबलो, नाहीच, म्हणून परत रीस्टार्ट. परत तेच. तिसऱ्यांदा रीस्टार्ट करताना आठवलं की व्हर्जन ४ मध्ये ग्रेस पिरियड असतो, सर्व्हर उठल्यावर ९० सेकंद जुन्या क्लायंटना आपापली लॉक परत सांगायला वेळ देतो, तोवर नवीन काही उघडू देत नाही. मी दर साठ सेकंदांनी त्याचं घड्याळ परत शून्यावर आणत होतो. हात मागे बांधून दोन मिनिटं बसलो आणि उघडलं सगळं. अर्थात मोठी कॉपी तरीही अडकतेच.

दुपारी डिझाइनवाला आला, काल चालत होतं आज मोठी फाइल उघडली आणि मशीन गोठलं. म्हणजे ते आपोआप सुटलेलं मशीन सुटलेलं नव्हतंच, काल त्यावर कोणी काही मोठं उघडलं नव्हतं एवढंच.

१६ जुलै, बुधवार

सकाळी नवीनच प्रकरण. बॅकअप मशीनची रूट डिस्क १०० टक्के भरलेली. मी डीयू (फोल्डरांनी खाल्लेली जागा मोजणारी कमांड) चालवतोय, एक्स फ्लॅग लावून, म्हणजे दुसऱ्या फाइल सिस्टममध्ये जाणार नाही, आणि बेरीज जेमतेम १४ जीबी येतेय. डीएफ म्हणतो ५० पैकी ५० भरले. ३६ जीबी गेले कुठे?

पंधरा मिनिटं डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली. सोमवारी संध्याकाळी इथे लेझी यूमाउंट केलं आणि परत माउंट न करताच घरी गेलो. रात्री दोनला क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) उठला, बॅकअप स्क्रिप्टने नेहमीच्या फोल्डरमध्ये लिहायला सुरुवात केली, आता ते फोल्डर म्हणजे साधं लोकल फोल्डर, शेअर वर नाहीच. लिहिलं, लिहिलं, डिस्क भरली. काल सकाळी मी वरून शेअर माउंट केला, आणि तो ३६ जीबीचा ढीग त्याच्या खाली झाकला गेला. सतरंजीखाली केर. डीयूला दिसणार कसा.

काढण्यासाठी रूट फाइल सिस्टम दुसऱ्या एका रिकाम्या फोल्डरवर बाइंड माउंट केली, म्हणजे तीच आणखी एका वाटेने दिसेल अशी केली. बाइंडमध्ये वर चढवलेले बाकीचे माउंट येत नाहीत, त्यामुळे त्या वाटेने गेलं की खालचा ढीग दिसतो. दिसला, डंप होते सगळे, कामाचे होते म्हणून आधी एका यूएसबी डिस्कवर हलवले आणि मग पुसले. पुन्हा होऊ नये म्हणून दोन गोष्टी केल्या. शेअर उतरवून रिकाम्या माउंट फोल्डरवर सीएचएटीटीआरने आय (बदल बंद अशी खूण) लावला, आता शेअर नसताना तिथे रूटलासुद्धा लिहिता येत नाही, स्क्रिप्ट ओरडून मरेल. आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत माउंटपॉइंट कमांडने तपासणी, माउंट नसेल तर चालूच व्हायचं नाही.

बाकी दिवस इंटरनेटवरच्या जुन्या सल्ल्यांत. आरसाइझ आणि डब्ल्यूसाइझ (एका वेळी किती बाइट वाचायचे आणि लिहायचे) १०२४ करून बघा असं एका ठिकाणी होतं. केलं. आणि चाललं! रडतखडत, मध्येमध्ये थांबत, पण कॉपी पूर्ण झाली. खरं सांगतो, पाच मिनिटं मोह झाला होता की असंच ठेवावं आणि विषय संपवावा. पण का चाललं हे कळेना, आणि न कळता चाललेली गोष्ट परत रात्री दोनलाच बंद पडते हा अनुभव आहे.

१७ जुलै, गुरुवार

सापडलं.

काल झोपताना डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, छोटं जातंय मोठं अडकतंय. आणि दुसरं, चारही विंडोज मशीन पहिल्या दिवसापासून मजेत आहेत, त्याच सर्व्हरवरून, त्याच स्विचमधून.

सकाळी बिल्ड मशीनवर मोठ्या फाइलची कॉपी मुद्दाम अडकवली आणि सर्व्हरवर एसएस कमांड टी आणि आय फ्लॅग लावून बघितली, ती प्रत्येक टीसीपी कनेक्शनच्या पोटातलं दाखवते. बिल्ड मशीनच्या कनेक्शनवर एमएसएस (एका तुकड्यात जास्तीत जास्त किती डेटा) ८९४८, रीट्रान्समिटचा (पुन्हा पाठवलेल्या तुकड्यांचा) आकडा वाढतोय आणि बॅकऑफ (पुन्हा पाठवण्याआधीची वाट) दर वेळी दुप्पट. विंडोजच्या कनेक्शनवर एमएसएस १४६०, रीट्रान्समिट शून्य. टीसीपी डंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावलं तर तेच डोळ्यांनी दिसलं, एकच मोठा सेगमेंट, तोच सीक्वेन्स नंबर, सर्व्हर परत परत पाठवतोय, पलीकडून पोच येतच नाही.

मग पिंग, पण साधा नाही. फ्रॅगमेंट करू नको असं सांगून १४७२ बाइटचा पाठवला, गेला. ८९७२ चा पाठवला, गप्प. एरर नाही, काही नाही, नुसतं गप्प. (९००० च्या एमटीयूमधून, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारातून, आयपी आणि आयसीएमपी हेडरचे २८ बाइट वजा केले की ८९७२.)

तर झालं होतं असं. वर्षापूर्वी कधीतरी मीच तीन लिनक्स मशीन आणि सर्व्हरवर जम्बो फ्रेम (नेहमीच्या १५०० बाइटपेक्षा मोठी पॅकेट) चालू केल्या होत्या, एमटीयू ९०००, आणि स्विचवरही मोठ्या फ्रेमना परवानगी दिली होती. स्विचवर चालू कॉन्फिग वेगळं आणि सेव्ह केलेलं वेगळं असतं. मी चालू केलं, सेव्ह केलं नाही. वर्षभर स्विच एकदाही बंद झाला नाही म्हणून कोणाला कळलं नाही, शनिवारी पहिल्यांदा बसला, उठला तो जुन्या कॉन्फिगवर, आणि मोठ्या फ्रेम मुकाट्याने टाकून द्यायला लागला. दोन्ही टोकांना वाटतंय आपण ९००० चे, मधल्याला ते मान्य नाही. मध्ये राउटर असता तर त्याने पॅकेट फार मोठं आहे म्हणून उलटा निरोप तरी पाठवला असता, लेयर दोनचा (नुसत्या फ्रेम पुढे ढकलणारा) स्विच असलं काही बोलत नाही, फेकतो आणि मोकळा होतो.

आता सगळं जुळतं. कनेक्शन जोडतानाची पॅकेट छोटी, म्हणून माउंट होतो. छोट्या फोल्डरचं उत्तर छोटं, म्हणून एलएस चालतो. विंडोज मशीन १५०० वर, आणि टीसीपी जोडताना दोन्हींतला लहान आकडा धरला जातो, म्हणून ती मजेत. आरसाइझ १०२४ केलं की एकेक उत्तरच दीड हजाराच्या आत बसतं, पण दोन-चार उत्तरं एकत्र चिकटून मोठा सेगमेंट झाला की तेवढ्यापुरतं थांबतं. आणि सोमवारी साधं डीएफसुद्धा का अडकलं, तर त्या मशीनचं सर्व्हरशी एकच टीसीपी कनेक्शन, त्यात क्रमाने सगळं जातं, अरुंद गल्लीत पुढे ट्रक अडकला की मागच्या सायकलीही उभ्याच. शनिवारी सर्व्हर परत आल्यावर क्लायंटने इमानदारीत कनेक्शन परत जोडलं आणि आधी राहिलेलं मोठं लिखाण पाठवलं, ते अडकलं, परत जोडलं, परत तेच. बिचारा दीड दिवस बरोबरच वागत होता आणि मी त्याला किल नाइन मारत बसलो.

स्विचवर मोठ्या फ्रेम परत चालू करून सेव्ह करणं दोन मिनिटांचं काम होतं. केलं. आणि अडकलेले सगळे माउंट, एकाही मशीनला हात न लावता, मिनिटाभरात सुटले. लॉगमध्ये सर्व्हर ओके.

१८ जुलै, शुक्रवार

रात्रभर विचार करून उलट निर्णय घेतला, जम्बो काढूनच टाकले. एक गिगाबिटचं नेटवर्क आहे, त्यात १५०० वर कॉपी करून बघितली आणि ९००० वर करून बघितली, आमच्या कामात फरक जाणवण्यासारखा नव्हता. त्यासाठी प्रत्येक नवीन मशीन, प्रत्येक नवीन स्विचवर एक आकडा लक्षात ठेवायचा, आणि चुकला की असा आठवडा. नको. सगळीकडे १५००. शिवाय सर्व्हरवर टीसीपी एमटीयू प्रोबिंग १ वर ठेवलं, ते डिफॉल्ट शून्य असतं. अशी गप्प गिळणारी वाट लागली की कर्नल स्वतः पॅकेट लहान करून बघतो, म्हणजे कायमचं अडकण्याऐवजी हळू चालेल.

२१ जुलै, सोमवार

उरलेली किरकोळ.

घरून काम करणारा एक जण एसएसएच एफएस (एसएसएचवरून लांबचं फोल्डर माउंट करायची सोय) वापरतो, त्याचं वायफाय तुटलं की फोल्डरवर ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट जोडलेला नाही अशी एरर, किंवा नुसतंच गोठलेलं. फ्यूजरमाउंटला यू आणि झेड फ्लॅग लावून सोडवायला सांगितलं, आणि माउंट करताना रीकनेक्ट, सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल १५, काउंट मॅक्स ३. म्हणजे पाऊण मिनिटात त्याला कळेल की पलीकडे कोणी नाही.

विंडोजवर अकाउंटवाल्या मॅडमच्या ड्राइव्हवर लाल फुली. त्यांना सांगितलं की मॅडम, बऱ्याचदा ती नुसती दिसायलाच असते, विंडोज सर्व्हर १५ मिनिटं रिकामं बसलेलं कनेक्शन स्वतःच सोडतो, क्लिक केलं की परत जोडतं. आपला सर्व्हर साम्बा आहे, तिथे ही वेळ सेटिंगवर ठरते. खरंच अडकला तर नेट यूजने ड्राइव्ह डिलीट करून परत जोडायचा. त्यांनी ते कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं.

२४ जुलै, गुरुवार

एफएसटॅब (काय कुठे माउंट करायचं ते सांगणारी फाइल) नव्याने लिहिली. डेटा आणि बॅकअप हार्डच राहणार. अडकलेल्या शेअरचा वैताग आला की पहिला हात सॉफ्टकडे जातो, सॉफ्टमध्ये काही रिट्रायनंतर प्रोग्रामला एरर मिळते आणि गोठणं थांबतं. पण ती एरर प्रोग्रामने बघितली पाहिजे ना! लिहिताना डेटा आधी मेमरीत जातो, एरर येते ती नंतर, फाइल बंद करताना किंवा सिंक करताना, आणि तिथे तपासणारे प्रोग्राम थोडेच. अर्धवट फाइल आणि वर यशस्वीचा मेसेज, यापेक्षा गोठलेलं टर्मिनल परवडलं. सॉफ्ट फक्त फॉन्ट आणि टेम्प्लेटच्या शेअरला लावला, तो रीड ओन्ली आहे, तिथे वाचताना एरर आली तर आली.

सगळ्यांना नेटडेव्ह आणि नोफेल, म्हणजे बंद होताना नेटवर्कच्या आधी माउंट उतरतील आणि चालू होताना सर्व्हर नसला तरी मशीन बूट होईल. सिस्टमडीचा ऑटोमाउंटही लावला, दहा मिनिटं कोणी हात लावला नाही की उतरतो. उतरलेला माउंट अडकू शकत नाही.

मॉनिटरिंगचा डीएफ काढून त्या जागी टाइमआउटखाली (वेळ संपली की प्रोसेस थांबवणारी कमांड) स्टॅट (फाइलची माहिती विचारणारी कमांड). पहिल्यांदा पाच सेकंदांचा साधा टाइमआउट लावला आणि केबल काढून बघितलं तर टाइमआउटच स्टॅटबरोबर लटकून बसला, कारण तो टर्म (बंद हो, अशी विनंती) सिग्नल पाठवतो आणि एनएफएसवर थांबलेली प्रोसेस टर्मला दाद देत नाही. सिग्नल किल दिला तेव्हा पाच सेकंदांत मेली. वरून एफलॉक, म्हणजे आधीची तपासणी संपली नसेल तर नवीन सुरू व्हायची नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

परीक्षा घेतली. बिल्ड मशीनवरून २० जीबीची फाइल शेअरवर कॉपी लावली, मध्येच सर्व्हरची केबल काढली, घड्याळ लावून दहा मिनिटं. मॉनिटरिंगने पहिल्याच फेरीत ओरड केली. लोड तीनच्या पुढे गेला नाही. तीन मिनिटांनी लॉगमध्ये नेहमीची ओळ. मी काहीही टाइप केलं नाही, टॅब तर अजिबात नाही. केबल परत लावली, जवळजवळ मिनिटभर काहीच हालचाल नाही, आणि मग सर्व्हर ओके, कॉपी पुढे चालू. संपल्यावर दोन्हीकडे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख आकडा) काढला, सारखा.

डिझाइन मशीनवर मात्र फाइल मॅनेजर त्या दहा मिनिटांत गोठलाच, त्याच्या बाजूच्या पट्टीत शेअरचं बुकमार्क आहे आणि तो विंडो उघडताना प्रत्येक बुकमार्क तपासतो. बुकमार्क काढू का विचारलं तर डिझाइनवाला म्हणाला, राहू दे, रोज लागतं.